शेवटासाठी ठेवलेलं कुंकू

आई, तुझ्या त्या चित्राला लागली अर्धी पेन्सिल, रेल्वेच्या जुन्या फॉर्मची कोरी पाठ आणि तुझं आठ दिवसांचं बोलणं. त्यातलं बोलणं फार महाग पडलं. आता ते चित्र सदर बाजारात, माझ्या साइनबोर्डच्या दुकानात गल्ल्याच्या वर असतं. छावणीतलं कुणी फौजी गिऱ्हाईक त्याच्यापुढे थबकलं, की मी ऐटीत सांगतो, "हमारी माताजी हैं. एक-एक लकीर हमारे हाथ की."

तेव्हा दुपार होती. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तू गवार मोडत होतीस, मी समोर पाटावर कागद घेऊन. बाबा मालगाडीचे गार्ड. सकाळीच परतायला हवे होते. शेजारच्या चाची दारातूनच म्हणाल्या, "भाभीजी, सुना है ललितपुर तरफ मालगाड़ी पटरी से उतर गई. भैया आ गए का?"

"आते होंगे," तू म्हणालीस. शेंगा मोडल्याचा आवाज मात्र थांबला. माझे कान तेव्हापासूनचे तिखट. यार्डातली शिट्टी ऐकून मी इंजिन ओळखायचो. त्या दुपारी कान देऊन बसलो, तर बाबांच्या गाडीचं इंजिन काही वाजेना.

"तू काढ," तू म्हणालीस. "थांबू नकोस."

म्हणून मी काढत राहिलो. डोळे, कानामागची बट, खांद्यावरचा पदर. गडद जागा मी शेवटी भरतो, नाहीतर तळहात फिरून सगळा कागद काळा होतो. कुंकू सगळ्यांत गडद, म्हणून ते राहिलेलं. एवढंच. पण तू उठून मागे येऊन उभी राहिलीस.

"कपाळ मोकळं का?"

"शेवटी काढणार होतो."

"ठरवूनच टाकलंस का रे?"

हाताची रीत तुला समजावून सांगायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते. आजही तोंडातल्या तोंडात जुळवतो.

संध्याकाळी बाबा आले, धुळीनं माखलेले. उतरली होती ती पुढची गाडी. त्यांची मागे अडकून पडली होती. त्यांनी चहा मागितला, तू दिलास, एक अक्षर सांगितलं नाहीस. माझं ताटही आठ दिवस वाढत राहिलीस, नुसतं, न बोलता.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. गिऱ्हाइकं त्या चित्रात वाखाणतात ते कुंकू. "बिंदी तो अभी-अभी लगाई लगती है." तेवढं माझ्या हातचं नाही, आई. त्या दुपारी माझ्या हातातून पेन्सिल घेऊन ते तूच काढलंस.