माझा पलंग कोणत्या गावात?

वेस्ट हार्लो, न्यू हॅम्पशायर
मार्चचा तिसरा गुरुवार

प्रिय ओडीलताई,

तुला, तुझ्या मांजराला आणि फ्लोरिडातल्या त्या निर्लज्ज उन्हाला धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरे सांग. मागच्या वेळी 'उत्तम' लिहिलेस आणि पत्र माझ्या हाती पडले तेव्हा तू इस्पितळात होतीस.) माझी तब्येत ठणठणीत आहे. संताप मला मानवतो, आणि गेले सहा आठवडे मी संतापाशिवाय फारसे काही खाल्लेले नाही.

कारण ऐक. ज्या गावच्या वार्षिक सभेत मी चव्वेचाळीस वर्षे हात वर करत आले, त्या गावाने मला कळवले की बाई, तुम्ही आमच्या नाहीच.

दर सात वर्षांनी दोन शेजारगावांच्या पंचांनी मिळून शीव चालायची, दगड तपासायचे आणि सही करायची, हा आपल्याकडचा जुना नियम तुला आठवत असेल. आजवर काय व्हायचे? दोन्हीकडचे पंच पहिल्या दगडापाशी भेटत, सफरचंदाची दारू घेत, बाकीचे दगडही असतीलच असे एकमताने ठरवत आणि जेवायला घरी जात. त्यामुळे शीव शंभर वर्षे जागच्या जागी राहिली. या खेपेस मात्र लॉर्न ब्लॉजेट नावाचा नवा पंच निवडून आला आहे. कनेक्टिकटहून निवृत्त होऊन आलेला, बूट नवे कोरे, हातात उपग्रहाशी बोलणारे यंत्र. हा मनुष्य खरोखर चालला! चालत चालत माझ्या परसातून थेट स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, शीव तुमच्या घरातून जाते." मी म्हटले, "जाऊ दे की, पाय पुसून जा म्हणावे." तो हसला नाही. (कनेक्टिकटला हसण्यासाठी परवाना लागत असावा.) त्याच्या यंत्राप्रमाणे माझे स्वयंपाकघर वेस्ट हार्लोत आणि झोपायची खोली शेजारच्या स्टॅनफील्डमध्ये. म्हणजे लग्न झाल्यापासून मी रोज सकाळी परगावाहून कॉफी करायला येत होते.

चार दिवसांनी मतदार यादी सांभाळणारी एडविना टटल आली. टोपी काढायच्या आधीच तिने विचारले, "लिओनी, तुझा पलंग कुठे असतो ग?"

"एडविना, तो फिरतीवर नसतो."

"तसे नव्हे ग. शीव घरातून गेली तर माणूस जिथे झोपतो तिथला मतदार. तशी रीतच आहे."

"आणि जिथे जागा असतो तिथला कोण?"

यावर तिने केकचा आणखी एक तुकडा मागितला. खाऊन झाल्यावर माझे नाव कापले.

ताई, आपल्या शाळेतल्या सिस्टर फिलोमेन आठवतात ना? राज्यघटनेची प्रस्तावना पाठ म्हणताना 'आम्ही लोक' हे शब्द कुणी पुटपुटले की हातावर पट्टी. "लोक कुजबुजत नाहीत, मुलींनो!" मी ती सबंध घटना परवा पुन्हा वाचली, दुरुस्त्यांसकट. तिच्यात काळ्या माणसाचे मत आहे, बाईचे मत आहे, अठरा वर्षांच्या पोराचे मत आहे. 'आम्ही लोक, आपापल्या पलंगांसह' असे कुठेही नाही.

"मग स्टॅनफील्डमध्ये दे मत," असे मला निदान दहाजणांनी शांतपणे सुचवले. स्टॅनफील्ड! त्या लोकांनी नऊ वर्षांपूर्वी सभा बंद केली. आता टपालाने कागद येतो, ते आंघोळीच्या अंगरख्यात बसून त्यावर खुणा करतात, पाकीट चाटतात आणि झाले लोकशाहीचे. शेजाऱ्याच्या तोंडावर त्याला मूर्ख म्हणायची सोय उरलेली नाही. आणि आमच्या यंदाच्या सभेतला ठराव सातवा काय होता? आपलीही सभा बंद करून कागद पाठवावेत. मांडणारा कोण? लॉर्न ब्लॉजेट. माझे नाव नेमके सभेच्या महिनाभर आधी कापले गेले यावर मी काही आरोप करत नाही. (करते.)

तेव्हा मी ठरवले, पलंग स्वयंपाकघरात आणायचा. शेजारच्या वेंडेलला बोलावले. तो पलंगाभोवती दोनदा फिरला, दाराची चौकट मोजली आणि टोपी काढून म्हणाला, "वहिनी, तुमच्या आर्मांने, देव त्याला शांती देवो, लग्नाच्या वेळी हा खोलीतच बांधलाय. बाहेर निघायचा नाही. एक तर पलंग कापा, नाहीतर भिंत." मी दोन्हीला नाही म्हटले आणि माळ्यावरची घडीची खाट शेगडीजवळ टाकली. तीन आठवडे तिच्यावर झोपले. (झोपले हा शब्द मी सौजन्याने वापरत आहे.)

मग माझ्या अर्जावरून यादीचे तिघे कारभारी घरी पाहणीला आले. एडविना वही घेऊन, मिसेस प्रॅट नाक घेऊन, आणि म्हातारे सायरस गिलमन. सायरसरावांनी खाट खरोखर झोपण्याजोगी आहे का हे तपासायला अंग टाकले आणि शेगडीच्या उबेने पाच मिनिटांत घोरू लागले. एडविनाला ते इतिवृत्तात लिहावे लागले. दोन विरुद्ध एक मताने माझे नाव परत यादीत आले. (मिसेस प्रॅट विरुद्ध. तिने माझ्या भांड्यांकडेही तसेच पाहिले होते.)

सभा शाळेच्या व्यायामशाळेत झाली. दुपारी काकवीत शिजवलेला घेवडा आणि सफरचंदाची गोड पाई, नेहमीसारखे. मग ठराव सातवा. ब्लॉजेट उठून म्हणाला, लोक कामात असतात, घरबसल्या मत देता आले तर सर्वांचीच सोय. मी उभी राहिले. म्हटले, "सोयच हवी असेल तर राजा ठेवा. त्यासारखी सोय नाही. एकटा बिचारा सगळे ठरवतो, आपण झोपावे. आपल्या पूर्वजांनी भांडून ही गैरसोय मिळवली आहे. इथे बोलणे माझा हक्क आहे आणि तुमचे ऐकणे माझे कर्तव्य. दुसरे फार जड आहे, तरी मी सकाळी नऊपासून ते पार पाडते आहे."

"लिओनीबाई, तीन मिनिटे संपली," सभापती म्हणाले. मी बसले. नियम पाळायचे नसते तर मी केव्हाच स्टॅनफील्डला गेले असते.

मते मोजली. ठरावाच्या बाजूने सत्त्याऐंशी, विरुद्ध सत्त्याऐंशी. बरोबरी झाली म्हणजे ठराव पडला. सभा वाचली, ताई, माझ्या एका हाताने.

दुसऱ्याच दिवशी ब्लॉजेटची हरकत दाखल! म्हणे खाट हा देखावा आहे, बाईंचा खरा पलंग चादर-उशांसकट पलीकडच्या खोलीत तयार आहे. त्यांचे मत बाद करा. सुनावणी पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी. एडविनाने बाजूला घेऊन सांगितले, "खरा पलंग अलीकडे आण बाई, म्हणजे कुणाचे तोंड उघडणार नाही." एका मताने सभा उभी आहे आणि ते मत चार पायांवर.

गुडघ्याला जप. मांजराला कमी खायला घाल.

तुझी संतप्त बहीण,
लिओनी

ता. क. - खाटेवर झोपते अशी मी शपथ घेतली आहे, आणि ते खरे आहे. दुपारची डुलकी मात्र मी आर्मांच्या पलंगावर काढते. फादर मोरेंना विचारले. ते म्हणाले, डुलकीने माणूस गाव बदलत नाही.

आणखी एक ता. क. - वेंडेल पुढच्या आठवड्यात शनिवारी दहाला करवत घेऊन येतो आहे. भिंत फोडली तर छप्पर खाली येईल, म्हणून पलंगच. मधोमध कापून अलीकडे आणू आणि लोखंडी पट्ट्यांनी जोडू, असे तो म्हणतो, दिसेलही बरा. त्याच्या आदल्या दिवशीचे, शुक्रवारचे विमान मिळत असेल तर ये. तुला काही करायचे नाही. करवत चालेल तेव्हा मी वेस्ट हार्लोत कॉफी करत राहीन, कारण मला ते पाहवणार नाही. तू तेवढी स्टॅनफील्डमध्ये उभी राहा.