कुंकवाचा ठिपका

दसरा, सौंसर

व्हॅनच्या इंजिनातला टायमिंग बेल्ट घरीच बदलला. मेकॅनिकच्या हातावर माझा भरवसा कुठे! नवा बेल्ट नेमका जुळावा म्हणून इंजिनाच्या दातेरी चाकावर मी लाल रंगाचा ठिपका दिला होता. तेवढ्यात बायको पूजेचं ताट घेऊन आली.

"कुंकू कुठं लावू जी?"

"लाव कुठंही." मान वर केली नाही मी.

तिनं चाकालाच लावलं आणि मी बेल्ट त्या कुंकवाशी जुळवला! गाडी सुरूच होईना. शेजाऱ्यांदेखत ओरडलो, "तुनंच काहीतरी हलवलं!"

तिच्या वडिलांना रामाकोन्याहून जेवायला आणायचं होतं. त्यांना बसमध्ये चढवत नाही. गाडी येत नाही हे सांगायला ती एकटीच बसनं गेली. ती गेल्यावर ठिपका पुसला, तर कुंकूच.

आत्ता परतली. "बाबा नवा सदरा घालून बसले होते. मी सांगतलं त्यांना, माझ्याच हातानं बिघडली गाडी."

मी काय म्हणालो? "बरं." एवढंच.