जोडीने द्यायची परीक्षा

३ जून
हिच्या दवाखान्यात काउंटरची जागा रिकामी झालीय. नऊ वर्षं आया म्हणून राबली, आता हिला ती जागा हवीय. अट एकच, इंग्रजीची बेसिक परीक्षा पास. क्लास लावते म्हणाली. म्हटलं, घरात मी असताना? माझाही फॉर्म भरून टाकला. मला गरज नाही, हिला धीर म्हणून.

४ जून
परीक्षेचं स्वरूप पाठ केलं. वाचन-लेखन एक तास, ऐकणं अर्धा तास, बोलणं दहा मिनिटं. बोलणं जोडीजोडीने. समोर दोन परीक्षक, एक विचारणार, दुसरा नुसता लिहिणार. स्वरूप कळलं की निम्मी परीक्षा झाली. उरलेली निम्मी उद्यापासून.

९ जून
तक्ता रंगवला. वाचन हिरवं, लेखन निळं. ऐकण्याला रंग पुरला नाही. हिने विचारलं, बोलायचा सराव कधी? म्हटलं, आधी पाया पक्का होऊ दे. मग जरा वाईट वाटलं. चौथ्यांदा विचारत होती बिचारी.

१५ जून
युक्ती सुचली! जोडी म्हणजे आम्हीच, दुसरं कोण असणार? दोघांचे संवाद मीच लिहून काढले. सतरा पानं. हिचे प्रश्न, माझी उत्तरं. माझी उत्तरं जरा लांबली आहेत. हिला बजावलं, एवढंच पाठ कर, बाकी कशाकडे बघू नकोस. बरं म्हणाली. शिष्या गुणी आहे.

२३ जून
अजून एकदाही म्हणून घेतलं नाही. सोमवारी डोकं दुखत होतं, मंगळवारी दुखेल असं वाटत होतं. हीसुद्धा रोज उशिरा येते, काम असतं म्हणते. मनाला लागतं हो. उद्या नक्की.

२८ जून, दुपारी ४
घात झाला. जोड्या यादीच्या क्रमाने लावल्या, आणि आमच्या मधोमध एक ट्रकड्रायव्हर. नियम परीक्षेच्या माहितीपत्रकातच होता, पान दोनवर, बारीक अक्षरात. ड्रायव्हरने इंग्रजीत माझा छंद विचारला. मी माझ्या संवादांच्या पान तीनप्रमाणे म्हणालो, सासूबाई रविवारी येणार आहेत. भला माणूस. किती दिवस राहणार, असं विचारलं. मी पान चारवर गेलो. लिहिणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.
ऐकण्याच्या पेपरात टेप दोनदा लावतात, म्हणून पहिल्यांदा निवांत बसलो. दुसऱ्यांदा शिंका आल्या.
पण माझं सोडा. ही कुणा परक्या बाईसमोर माझे संवाद म्हणत बसली असणार. विचारायची हिंमत झाली नाही.

२९ जून
बायकोचा केसाने गळा कापला मी. भांडी घासली. हिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

६ जुलै
रोज भांडी घासतोय. दोन कप फुटले. काउंटरवर दुसरीच कुणी बसणार आणि ही तिच्यासमोरची फरशी पुसणार, या विचाराने घास उतरत नाही. जेवतो, पण चव नाही. येत्या रविवारी सगळं कबूल करणार. काय व्हायचं ते होवो.

१४ जुलै
रविवारी मॅच होती.

२० जुलै
निकाल. मी नापास. ही पास, बोलण्यात तर पैकीच्या पैकी!
राहवलं नाही. डोळ्यांत पाणी आणून सगळी कबुली दिली. तक्ता, डोकेदुखी, पान दोन, सगळं. हिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, अहो, ती पानं मी उघडलीच नाहीत. पहिल्या आठवड्यापासून रोज ड्यूटी संपली की दवाखान्यातल्या कंपाउंडर बाईंशी तासभर इंग्रजीत बोलायची. मग मला का नाही सांगितलंस, विचारलं. तर म्हणे, तुम्ही एवढ्या हौसेने लिहीत होता.
सोमवारपासून ही काउंटरवर बसणार.
तीन आठवडे मी हिचं वाटोळं केलं म्हणून झुरत होतो. हिने तेवढंही काम माझ्यावर सोपवलं नव्हतं.