पहिलं गार पाणी

माय,

रविवारी आमच्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक पाटी लागणार आहे आणि तिच्यावर घालायला तुझं नाव मला विचारलं आहे. तू गेलीस त्याला आठ वर्षं झाली. इतक्या वर्षांत इथं तुझं नाव कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. म्हणून आज लिहायला बसले. दुपारचे तीन वाजलेत, लाईट गेलेली आहे, पण ऑफिसात लिहिण्यापुरता उजेड आहे. इमारत बांधणाऱ्या साहेबांनी उत्तरेच्या खिडक्या एवढ्या मोठ्या ठेवल्या त्या याचसाठी. तू आलीस तेव्हा त्या खिडक्यांकडं बघून म्हणाली होतीस, यातून शेरडं सुद्धा आत येतील.

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळं चिठ्ठी म्हटलं की मला आपलं शिरडजवळचं घर आठवतं. मी पाचवीत आहे. मामाचं कार्ड आलंय. तू उंबऱ्यात बसून चातीवर लोकर कातते आहेस आणि मी उभी राहून वाचते आहे. मामा पुण्याकडं बांधकामावर होता आणि त्याच्या कार्डात एखादी तरी ओळ अशी असायचीच, की आजीला बरं नाही, की यंदा दिवाळीला भाऊबीजेला येणं होत नाही. ती ओळ मी गाळायची. तुला वाईट वाटू नये म्हणून गाळायची असं मी स्वतःला सांगायची, पण खरं म्हणजे तुझा उतरलेला चेहरा मला बघवायचा नाही. तुझ्या हातातली चाती थांबायची.

"काहीतरी गाळलंस."

"न्हाई माय."

"मग मधी दम काहून घेतलास?"

एवढंच म्हणून तू पुन्हा कातायला लागायचीस. मी ती ओळ वाचून दाखवेपर्यंत तू मान वर करायची नाहीस.

त्या घरातलं तुझं स्वयंपाकघर म्हणजे भिंतीला टेकून एक चूल आणि तिला लागून वैल. चुलीवर भाकरी व्हायची तेव्हा वैलावर वरण शिजायचं, वेगळं सरपण लागायचं नाही. डाळ तू सकाळीच भिजत घालायचीस. शिजणाऱ्या भांड्यावर झाकण म्हणून पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचीस, म्हणजे जेवण होईपर्यंत खरकटी धुवायला ऊन पाणी तयार. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला, भांडी विसळलेलं पाणी भोपळ्याच्या वेलाला. मला या सगळ्याची लाज वाटायची. हिंगोलीत कॉलेजला असताना मैत्रिणी घरी यायचं म्हणाल्या की मी काहीतरी कारण काढायची. आपल्या घरात पहिल्यांदा पदवी माझ्या हातात आली, तेव्हा मला वाटलं होतं, आता या तांब्यातून आणि वैलातून आपण सुटलो.

पुढं जिल्हा वेगळा झाला, हिंगोलीत नवीन कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागं नोकरदार माणसं आली आणि त्यांना राहायला घरं कमी पडायला लागली. साहेबांनी गावाच्या कडेला बारा घरांची तीन मजली इमारत बांधली ती तेव्हा. ते स्वतः इंजिनिअर. त्यांच्या डोक्यात एकच होतं, की आपल्या उन्हात कूलरशिवाय राहता आलं पाहिजे आणि पाणी तापवायला वीज लागू नये. जाड भिंती, गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवायची टाकी, पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली हौद, आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडावी म्हणून ओळीनं लावलेली कडुलिंबाची सात रोपं. पण नुसती इमारत बांधून भागत नाही, तिच्यात कसं राहायचं तेही सांगावं लागतं, असं ते म्हणायचे. ते काम त्यांनी मला दिलं. ऑफिसच्या मागची खोली राहायला दिली. मी एक पानभर सूचना लिहिल्या. उन्हाळ्यात दहाच्या आत खिडक्या लावून घ्याव्यात, दिवस मावळल्यावर उघडाव्यात. डाळ भिजवून, झाकण ठेवून शिजवावी. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालावं. दारोदार जाऊन मी ते समजावून सांगायची. लोक मला मॅडम म्हणायचे. माय, मला तेव्हा खरोखर वाटायचं की ही बारा घरं नीट राहिली तर त्यांचं बघून सगळी हिंगोली सुधारेल. आणि त्या पानावरची निम्मी वाक्यं तुझ्या चुलीपुढून उचललेली आहेत हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

संक्रांतीनंतर बा मेंढरं घेऊन लांब चराईला गेले आणि तू माझ्याकडं राहायला आलीस. पहिल्याच सकाळी मी अंघोळीला नळ सोडला आणि तू न्हाणीच्या दारात येऊन उभी राहिलीस. गच्चीवरचं तापलेलं पाणी तळमजल्यापर्यंत यायचं तर आधी नळीत रात्रभर थांबलेलं गार पाणी वाहून जावं लागायचं. सगळेच ते मोरीत सोडायचे. मीही सोडायची.

"हे काहून सोडून राहिली?"

"गार आहे माय. गरम यायला वेळ लागतो."

"गार हाय म्हनून ते पानी न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी तू नळाखाली आपली पितळी कळशी धरलीस. गरम पाणी येईपर्यंत एक कळशी भरली आणि वर दोन तांबे. गावाकडं हापशावर एका कळशीसाठी तू किती वेळ उभी राहायचीस ते मला माहीत होतं. तू कळशी उचललीस, मागच्या अंगणात गेलीस आणि पहिल्या रोपाला ओतलीस. रोपं तेव्हा वाळायलाच लागली होती. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं आणि ते प्यायला पुरवायचं होतं, म्हणून झाडांकडं कुणी बघत नव्हतं. साहेबांच्या सगळ्या आखणीत तेवढी एकच गोष्ट माणसाच्या हाताची होती आणि ती कुणाचीच नव्हती. परत येऊन तू म्हणालीस, "बारा घरं हाईत ना गं?" मी हो म्हणाले. मला वाटलं सहज विचारलं असेल.

आठ दिवसांनी मला कळलं. मी सकाळी साहेबांकडं हिशोबाच्या वह्या घेऊन जायची, त्या वेळात तू बादली घेऊन जिना चढायचीस आणि दारं वाजवायचीस. म्हणायचीस, पहिलं गार पानी सांडू नका माय, मला द्या, लिंबाला घालते. काही घरांतून बादली भरून मिळायची, काही घरांतून दार लागायचं. तू मला सांगितलं नव्हतंस. मला वाटतं, मला आयती जगलेली झाडं दाखवायची होती तुला.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ऑफिसात आल्या. त्यांचे यजमान मोठ्या हुद्द्यावर होते आणि आमच्या इमारतीत त्यांचा शब्द चालायचा. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांची सकाळची घाई मोडली होती. त्या म्हणाल्या, रोज ऐन डब्याच्या वेळेला एक बाई दार वाजवते, ती कोण? तेवढ्यात तू दारात आलीस. ओल्या पायांची, पदर खोचलेला, हातात भरलेली बादली. वहिनींनी तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ही तुम्ही कामाला ठेवलीय का?" त्यांनी विचारलं. मी समोरच्या सूचनांच्या कागदाकडं बघत गप्प राहिले. मग तूच बोललीस.

"चुकलं बाई. उद्यापासून वर न्हाई येनार." आणि माझ्याकडं वळून, "म्याडम, ही बादली कुठं ठिवू?"

वहिनी गेल्या. दुपारी तू नेहमीसारखी भाकरी थापलीस, मला वाढलीस. मी भाकरी मोडलीच नाही. मला म्याडम काहून म्हणालीस, असं मी विचारलं तेव्हा तू तव्यावरची भाकरी उलटत होतीस.

"मग काय म्हनू? साऱ्या गावात सांगत फिरते, माझी पोरगी म्याडम झाली. एक डाव तोंडावर म्हनलं तर काय झिजलं?"

तू हसलीस. मी हसले नाही. मग तू हसणं थांबवून म्हणालीस, "जेव आता. तुझी नोकरी हाय पोरी. माझं काय, मी पाहुनी."

त्यानंतर तू वर गेली नाहीस. जिन्यात, अंगणात, कुणी असलं की तू मला म्याडमच म्हणायचीस, इतकं बराबर, की एकदाही तुझी जीभ घसरली नाही. खोलीत आलीस की पोरी. मी तुला एकदाही थांबवलं नाही. थांबवलं असतं तर का थांबवते ते सांगावं लागलं असतं.

पण वहिनींनाच बहुतेक चुटपुट लागली. चार दिवसांनी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात एक भरलेली बादली दिसली. मग दुसऱ्या मजल्यावर. होळीपर्यंत बाराही दारांसमोर सकाळी बादल्या असायच्या आणि तू त्या एकेक करून खाली आणायचीस. एक दिवस वहिनी स्वतः खाली आल्या आणि तुला एक साडी दिली, वापरलेली पण चांगली, हिरव्या काठाची. तू दोन्ही हातांनी घेतलीस. मी खिडकीतून बघत होते. कामवाल्या बाईला साडी देतात तशी ती दिली होती आणि तू घेतली होतीस. दुसऱ्या दिवशी बघते तर तू त्या साडीच्या पट्ट्या फाडून सातही रोपांना गुंडाळल्या होत्यास, खोडाला ऊन लागू नये आणि मोकाट शेळ्यांनी साल खाऊ नये म्हणून. वहिनींनी वरून बघितलं. म्हणाल्या, "अहो, माझी साडी लिंबाला नेसवलीत?"

"तुमच्या अंगाला शोभायची बाई," तू खालून म्हणालीस, "आता त्याहीला शोभू द्या. मला लांब व्हती."

वहिनी मोठ्यानं हसल्या. तूही हसलीस. मी आत होते.

गुढीपाडव्याच्या आधी बा परत आले म्हणून तू गेलीस. मी तुला एसटीत बसवून दिलं. मला वाटलं होतं की गाडी लागेपर्यंत बोलेन. गाडी लवकर लागली. आखाडात तुला कावीळ झाल्याचा निरोप आला. मी पोचले तेव्हा तू पिवळी पडली होतीस, पण तू मला ओळखलंस. उशाशी डॉक्टर बसले होते. त्यांना तू म्हणालीस, "ही माझी पोरगी. हिंगोलीला असती." दम लागत होता तरी पुन्हा म्हणालीस, "माझीच." मग मला विचारलंस, "लिंबं हाईत का गं?" मी म्हणाले, हाईत, सातही. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. डॉक्टर बसले होते, बा होते, आत्या होती. माणसं जाऊ देत, मग बोलू, असं मी ठरवलं. माणसं गेली नाहीत माय, वाढतच गेली.

आता ती लिंबं दुसऱ्या मजल्याच्या वर गेली आहेत. चैत्रात पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर ती गार लागते. बाहेरगावची माणसं इमारत बघायला येतात आणि साहेब त्यांना आधी गच्ची दाखवतात आणि मग झाडं. माझ्या सूचनांच्या कागदावर आता पहिलीच सूचना अशी आहे, की नळाचं पहिलं गार पाणी बादलीत धरावं. तिचं कौतुक मला मिळतं. मागच्या महिन्यात रहिवाशांची बैठक झाली, तिथं वहिनीच उठून म्हणाल्या, ही झाडं त्या कामवाल्या बाईंनी जगवली, त्यांना बोलावून मान दिला पाहिजे, मॅडम, त्या कुठं असतात? मी म्हणाले, त्या वारल्या. मग साहेब म्हणाले, त्यांच्या नावाची पाटी लावू, तुम्ही नाव लिहून द्या. पूर्ण नाव.

तुझं पूर्ण नाव लिहिलं की शेवटी तेच आडनाव येतं जे माझ्या टेबलावरच्या पाटीवर आहे. मी महिनाभर तो कागद खणात ठेवला. दोनदा नुसतं तुझं नाव लिहून पुढं बाई लिहिलं आणि फाडलं. आज सकाळी रंगारी आला आणि शिडीशी उभा राहून कागद मागायला लागला, तेव्हा मी पूर्ण लिहून दिला. त्यानं वाचला, माझ्या टेबलाकडं बघितलं. विचारलं, तुमच्या भावकीतल्या का? मी म्हणाले, माझी माय आहे. तो बरं म्हणाला आणि अक्षर केवढं काढू ते विचारायला लागला. आता पाटी मागच्या अंगणात भिंतीकडं तोंड करून वाळत ठेवली आहे. वहिनींनी अजून वाचलेली नाही. रविवारी वाचतील.

ही चिठ्ठी कुठं पाठवायची नाही. तू असतीस तरी मलाच ती तुला वाचून दाखवावी लागली असती, तू उंबऱ्यात आणि मी उभी. आणि मला माहीत आहे, मधेच एका जागी तुझी चाती थांबली असती.

वर मी लिहिलं की वहिनींनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिले. मी गप्प राहिले नव्हते. मी म्हणाले होते, "हो, आमच्या गावाकडची आहे." तू दारातच होतीस. बादली दोन्ही हातांनी धरली होतीस आणि त्यातलं थेंबभरही पाणी तू सांडू दिलं नाहीस.