तेलाची डबी

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताईचं इंजिन पुन्हा किंचाळलं! बागेतल्या रुळावर दोन फेऱ्या धड मारल्या, तिसरीला गळा काढलाच. बाकावर पेपर वाचत बसलेले गृहस्थ कानांवर हात ठेवून उठून गेले. मग धुराड्यातून राखाडी फेस उडाला तो थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर. नासक्या दुधासारखा, आणि वर जळक्या चरबीचा वास. शी!

ताईला शर्टाचं काय? ती जमिनीवर आडवी होऊन, इंजिनाच्या पोटाखाली डोकं घालून म्हणते, "तेल पोचत नाहीये गं." एवढं मलाही कळतं. गुडघ्याएवढ्या उंचीचं इंजिन, खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालणारं. एकूण एक भाग तिने खालच्या खोलीत लेथवर घडवलेला. आणि घोडं अडलंय कुठे, तर अंगठ्याएवढ्या तेलाच्या डबीपाशी!

शर्ट भिजत घातलाय. डाग जाणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज ताईने मला ती डबी समजावून सांगितली. मी विचारलं नव्हतं. डबीत वाफ शिरते, गार होऊन तिचं पाणी होतं. पाणी जड म्हणून तळाला बसतं आणि तेलाला वर ढकलतं. ते तेल बारीक नळीतून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं, म्हणजे आतला दट्ट्या गुळगुळीत सरकतो. तेल नाही मिळालं की कोरडा घासतो आणि बोंबलतो. "तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्याच्यावर सगळा खेळ आहे," म्हणाली. मी मान डोलावली. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत उभा जन्म घातलेल्या बाईला ही तेल-पाणी शिकवतेय!

दुपारी ती पलीकडच्या खोलीत आडवी झाल्यावर नेहमीसारखी खाली गेले. त्या खोलीचं वर्णन करायलाही नको वाटतं. फरशीवर लोखंडाचा कीस. खुर्चीवर काळी फडकी. फडक्यांवर आणखी काळी फडकी. चहाच्या कपात स्क्रू! सगळं आवरायचं म्हटलं तर मीच आटपेन, म्हणून मी फक्त डबीचं बघते. दोन नट काढले की नळीसकट हातात येते. तिथल्याच सिंकपाशी उभी राहून डेअरीतली कॅन धुवायची पावडर आणि गरम पाणी घेऊन घासते, नळाखाली खळखळून धुते, परत लावून टाकते. घासताना तोंडाने बडबड चालू असते, ती माझी जुनी खोड. पण डबी लखलखीत होते. या घराच्या खालच्या मजल्यावर निदान एक वस्तू तरी स्वच्छ असावी.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसरी चाचणी. तीही नापास.

बागेत मुलांना मागे बसवून ओढायची परवानगी हवी तर छोट्या आगगाड्यांच्या क्लबच्या लोकांसमोर वीस फेऱ्या बिनतक्रार माराव्या लागतात. आमची गाडी चौथ्या फेरीला किंचाळली. सेक्रेटरी आले, वाकून वास घेतला, नाक पुसलं. यांना आम्ही आपसांत 'कपाट' म्हणतो, कारण बंद पडलेली प्रत्येक गाडी त्यांना क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवायची असते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिसायला काय देखणी आहे हो! आमच्याकडे मधल्या फळीवर जागा आहे." आता २२ला तिसरी चाचणी, ती शेवटची. मग रूळ बंद.

खरं सांगायचं तर मला कपाटाची कल्पना वाईट वाटली नाही. काचेआड निदान ठिबकणार तरी नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

ताईने डबीचं भोक मोठं केलं. फेस दुप्पट.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भोक बुजवून परत बारीक केलं आणि डांबरासारखं जाड तेल आणलं. त्याचा वास जिना चढून माझ्या उशीपर्यंत आलाय.

आज मला दिवा धरायला खाली बोलावलं. जुनी डबी बाद, आता दुसरी घडवायची म्हणे. टेबलावर चांगला दिवा आहे, पण नाही, मीच धरायचा. दोन तास! आणि ताईचं तोंड चालू. आईच्या शिलाई मशीनला कोण तेल घालायचं, मी ते तेल एकदा डोक्याला कसं लावलं होतं, वगैरे. माझं लक्ष तिच्या अंगठ्याकडे. सांधा लिंबाएवढा सुजलाय. डॉक्टरांनी लेथ बंद करा म्हणून बजावलंय. "एवढी शेवटची गाडी," असं ती सगळ्यांना सांगते. त्या शेवटच्या गाडीपायी अंगठ्याचं वाटोळं करून घेणार.

इथे राहायला आल्यापासून मी आमची शिस्त ठरवून टाकलीय. ती खाली, मी वर, जेवणंही आपापल्या वेळेला. बरं चाललं होतं. या डबीने सगळं बिघडवलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी डबी लावली. पितळेवर सगळीकडे ताईच्या काळ्या बोटांचे ठसे! बघवेनात. दुपारी धुऊन टाकली.

१५ फेब्रुवारी, रविवार

सरावाला नेलं. किंचाळलं. फेस.

घरी येऊन मी ताईला स्पष्ट बोलले. म्हटलं, वीट आला मला. त्या वासाचा, त्या आवाजाचा, तुझ्या कळकट खोलीचा. देऊन टाक त्या कपाटाला. ती फडक्याला हात पुसत राहिली. हात पुसले जात होते की आणखी काळे होत होते, देव जाणे.

"बावीसपर्यंत थांब."

"आणि मग?"

"मग तू म्हणशील तसं."

एवढ्या लवकर ती कधी मान्य करत नाही. मला उगाच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरी डबी! खाली लेथ चालू आहे. मध्येच थांबतो, तेव्हा ती अंगठा चोळत असणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

डबी झाली. सुबक झालीय, नाही म्हणवत नाही. धुतली. संध्याकाळी ताईने मागच्या अंगणात गाडी ठोकळ्यांवर चढवून चाकं जागच्या जागी फिरवली. पुन्हा तेच! ताईने विस्तव काढला आणि आत गेली.

तीन डब्या, दोन जातींचं तेल, आणि फेस तोच. असं कसं होईल?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी डबीतला तो राखाडी चिखल बाटलीत काढला. दुसऱ्या बाटलीत डब्यातलं नवं तेल आणि गरम पाणी. दोन्ही सारख्या हलवल्या, खिडकीत ठेवल्या. चहा होईपर्यंत नव्या तेलाने पाण्याशी फारकत घेतली होती, वर तेल, खाली पाणी. चिखल मात्र तसाच, एकजीव. दुधात साय फोडून मिसळावी तसा.

हे मी ओळखते! तेल आणि पाणी असं एकजीव करायला मध्ये काहीतरी लागतं. बोटांवर चोळून पाहिलं. बुळबुळीत. वास घेतला, आणि तो वास माझ्याच हातांचा होता.

लाल लिटमसची पट्टी बुडवली. निळी झाली, म्हणजे यात सोडा.

पावडर. माझी पावडर! डबी मी दहादा खळखळून धुतली असेल, पण ती नळी वाकडी, विणायच्या सुईएवढी बारीक. तिच्यात पाणी कधी गेलंच नाही. पावडर मात्र जाऊन बसली. वाफ आली की तेल-पाण्याचा फेस, आणि सिलिंडर कोरडाच्या कोरडा.

सोड्याचा अंश सापडला म्हणून मी टँकरच्या टँकर दूध परत पाठवलंय. लोक हातापाया पडायचे. कॅन नीट धुता येत नाहीत का, असं मी त्यांना सगळ्यांदेखत विचारायचे. आणि घरी? बहिणीचा सुजलेला अंगठा लेथवर, आणि मी मागून जाऊन तिच्या कामात साबण कालवतेय. किळस आली मला माझी. आजवर कुठल्या तेलाची आली नव्हती एवढी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ताई डॉक्टरांकडे गेली होती. नळीत सिरिंजने उकळतं पाणी सोडलं. पट्टी लाल राहीपर्यंत सोडत राहिले. मग सिलिंडर, मग मधला पाइप. कोपरापर्यंत तेलात होते. पावडर कचऱ्यात टाकली.

ती आल्यावर म्हटलं, एकदा चालवून बघ. चालवलं. आवाज नाही. धुराड्याच्या कडेला तेलाचे बारीक थेंब, स्वच्छ, जसे यायला हवेत तसे.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी वर निघून आले. सांगायचं धाडस झालं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

पास! वीस फेऱ्या, आणि नंतर कपाटसाहेबांना मागे बसवून आणखी एक. त्यांच्या पँटवर तेलाचा एक थेंब उडाला. मला फार बरं वाटलं.

लोक ताईचं कौतुक करत होते, तिसरी डबी भारी जमली म्हणून. ती नुसती हसत होती. मला तिथे उभं राहवेना.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सांगून टाकलं. पावडर, नळी, सगळं. ताई अंगठा शेकत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. पहिल्या डबीपासून. सोड्याचा वास मला येत नाही होय?"

मी भडकले. मग बोलायला काय झालं होतं? अंगठा सुजवून तीन-तीन डब्या कशाला? गाडी त्या कपाटात गेली असती म्हणजे?

"गाडी काय, दुसरी केली असती," ती म्हणाली. "दुपारी मला कुठली झोप? पलीकडे पडून तुझी बडबड ऐकत असते. धुऊ नकोस म्हटलं असतं, तर तू खाली आली असतीस का?"

दुपारी खाली गेले. डबी धुवायची नव्हती. बसले.