मोहफुलांच्या पायघड्या

१९ मार्च, पहाट
टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्, टप्.
मूल गावच्या शाळेचं टिनाचं छप्पर, त्यावर पडणारी मोहफुलं, आणि खाली आम्ही पोरं मांडी घालून कविता म्हणतोय. आज जागा होता होता तो आवाज कानात आला. डोळे भरले. बायकोला, कमळेला, उठवून सांगितलं. ती म्हणाली, मोटर चालू करा, टाकी रिकामी आहे.
कविमन नाही. असो.
पण कल्पना सुचली! आपल्या कॉटेजच्या आवारात मोहाची झाडं फुलावर आली आहेत. पहाटे वाळल्या पाचोळ्यावर फूल पडतं, तो आवाज गेस्टना ऐकवायचा. पॅकेजचं नाव ‘मोहसंगीत’. निवृत्त मराठी शिक्षकाशिवाय हे कोणाला सुचणार?
संकल्प: आजपासून झाडाखालचा पाचोळा कोणी झाडायचा नाही, जाळायचा नाही. फुलं कोणी वेचायची नाहीत.
मोटर राहिली. उद्या.

२० मार्च
टोल्यावरच्या वस्तीतली सोमारी टोपलं घेऊन फाटकात हजर. कोणत्या घरानं कोणत्या मोहाची फुलं वेचायची हे इकडे ठरलेलं असतं, मग जमीन कोणाची का असेना. आमच्या आवारातले मोह तिच्या घरचे. ती दरवर्षी पहाटे येते, झाडाखाली झाडून फुलं नेते, आणि मग कमळेला कॉटेजच्या कामात हात लावते.
मी समजावलं की यंदा हे फूल खायचं नाही, विकायचं नाही, ऐकायचं आहे. तिनं कमळेला विचारलं, मास्तरले ऊन लागलं का वं बाई? मी संयम ठेवला. जाताना म्हणते, आमी नाई वेचलो तं दुसरा येते वेचाले, भाऊ. तो फाटकातून नाई येत, अन् इचारत बी नाई.
हसत हसत गेली. कमळा म्हणाली, अस्वलाचं म्हणून राह्यली थे. मोहाच्या वासानं अस्वल येते, लहान लेकराले ठाऊक आहे.
मी उभा जन्म पाठ्यपुस्तकं शिकवली. त्यात अस्वल मधाचं शौकीन आहे. मोहाचा कुठे उल्लेख नाही.

२४ मार्च
कॉटेजना नव्या पाट्या लावल्या. वृत्तांची नावं दिली: मंदाक्रांता, वसंततिलका, भुजंगप्रयात. नागपूरच्या एका कुटुंबानं भुजंगप्रयातचा अर्थ विचारला. आनंदानं सांगितला: सापाची चाल. त्यांनी लगेच रूम बदलून मागितली. पण मंदाक्रांतेत नळ गळतो, वसंततिलकेत पंखा नाही. गेले.
वाचणारी पिढीच संपली.
सोमारी आता येत नाही, म्हणून चादरी, भांडी, संडास-बाथरूम सगळं कमळा एकटी करते. व्यायाम होतो. चेहऱ्यावर तेज आलं आहे. घामही असेल.

२८ मार्च
चंद्रपूरचं नवं जोडपं आलं, निकेश आणि करिष्मा. पहाटे घंटा वाजवून दोघांना मोहसंगीताला उठवलं. निकेश चादर गुंडाळून धावत आला, काका, आग लागली का? मी म्हणालो, ऐका. ऐकू आल्या त्या माशा. पडलेली फुलं आंबली आहेत, थोडा वास येतो. करिष्मानं नाकाला ओढणी लावून विचारलं, इथी दारूची भट्टी आहे का काका?
मग मी माझी कविता म्हटली. तिसऱ्या कडव्याला त्यांची गाडी सुरू झाली. नाश्त्यालाही थांबले नाहीत. भारावले असावेत.
त्यांच्यासाठी केलेले पोहे मी संपवले. अन्न वाया गेलेलं मला पाहवत नाही.

३० मार्च
निकेशचा ऑनलाइन रिव्ह्यू: दारूचा वास, गळका नळ, म्हातारा पहाटे घंटा वाजवतो, काकू चांगल्या. शेवटचे दोन शब्द कमळेनं मला मोठ्यानं वाचायला लावले. मग पुन्हा एकदा. हे तिला शोभलं नाही.
मोहाच्या खोडावर लांब ओरखडे आहेत. प्रेयसीचं नाव कोरायला घेतलं असणार. निकेशच. झाडाखाली विष्ठाही आहे. भरपूर, आणि फुलांच्या रंगाची. तिच्याबद्दल मात्र निकेशवर आळ घ्यायला मन धजत नाही.

२ एप्रिल
कमळेची कंबर धरली. मंदाक्रांतेची बाथरूम घासता घासता खाली बसली ती उठेचना. हाका मारत होती म्हणे. मी कविता लिहीत होतो, आणि योग असा की तिच्यावरच. तिथेच दारात उभं राहून वाचून दाखवली: ‘वाकली कंबर तुझी की इंद्रधनू हे’. ती गप्प. रसिकाचं मौन वेगळंच असतं.
मग म्हणाली, अगोदर मले उठवा.

३ एप्रिल
मुलगी ज्योत्स्ना गडचिरोलीहून आली आणि आईला घेऊन गेली. फाटकात कमळा म्हणाली, सोमारीले बोलवा, झाडाखालचं साफ करा, मंग येतो मी. नाई तं बसा आपल्या टपटपीसंगं. ज्योत्स्ना म्हणाली, बाबा, आईनं पिशवी नाही, ट्रंक भरली आहे. समजून घ्या.
समजलो. उन्हाळ्यात कपडे जास्त लागतात.
साधा रुसवा आहे.

५ एप्रिल
जेवण: भात. वरण म्हणून जे झालं होतं ते झाडाला घातलं. झाडाचं काय होतं पाहू.
सोमारीकडे गेलो. अंगणात बसली होती. मी म्हणालो, सहज आलो. ती म्हणाली, मंग, कवा बोलवून राह्यले मले? मी म्हणालो, सहजच आलो. तिनं सुनेकडे पाहून डोळे मोठे केले. कोरा चहा पिऊन परतलो. माणसानं किती झुकावं?

७ एप्रिल
कमळेला फोन. सांगितलं, सगळं साफ केलं. (मनानं केलं आहे. हात उद्या लावीन.) ती म्हणाली, सोमारीले द्या फोन. मी रेंज गेल्यासारखं केलं. ती म्हणाली, तोंडानं काऊन खरखर करून राह्यले? आणि फोन ठेवला.
परवा येणार. तसं बोलली नाही, पण फोन ठेवण्याच्या पद्धतीत ते होतं.

८ एप्रिल, संध्याकाळ
स्वागताची जय्यत तयारी! झाडाखालची फुलं टोपल्या भरभरून आणली आणि फाटकापासून उंबरठ्यापर्यंत पायघड्या अंथरल्या. उरलेल्यांची दाराशी रास केली. स्वागतही झालं, झाडाखालचं साफही झालं. तिची अट अर्धी पूर्ण. उरलेली अर्धी ती विसरेल.
सोमारी रस्त्यानं जात होती, थांबली. फाटकापासून दारापर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे. आज हसली नाही. म्हणाली, मास्तर, रात्री दार पक्कं लावून घेजा. मी म्हणालो, आज या दाराला कडी लागणार नाही, सोमारी.
ती जवळजवळ पळतच गेली.

९ एप्रिल, पहाट
आली!
इतक्या लवकर बस नसते. ज्योत्स्नानं गाडी करून दिली असणार. हा क्षण निसटायला नको म्हणून लिहून ठेवतो आहे. फाटक वाजलं नाही, कुंपणाचे बांबू मोडले. घाई झाली असेल बिचारीला. आता पायघड्यांवरून येते आहे. कंबर बरी नाही, पाय फरफटतो. जागोजागी थांबते, हुंगते, परत निघते. तिला कविमन नाही असं मी उगाच लिहिलं. खोडून टाकीन.
व्हरांड्यात पोचली. किती धापा टाकते! आणि रडते आहे, नाक ओढून, घशातून घुरघुर करत. दार नखांनी ओरबाडते आहे. इतक्या वर्षांच्या संसारात एवढ्या ओढीनं ती माझ्याकडे कधी आली नव्हती.
अगं वेडे, कडी लावलेलीच नाही. नुसतं ढकल.