पान एकशे बाराच्या पुढे

किल्ली मोज्यात सारली आणि पाय लांब केला, तेवढ्यात मोठ्या बाई वर्गात डोकावल्या. (मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्यापर्यंत येतात.) पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागू लागल्या. घरी राहिली, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्या लांब पायाकडे पाहिलं. उद्या सकाळी आणा, म्हणाल्या, नाहीतर कुलूपवाल्याला बोलावते. टेबलावरचं पुस्तक आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलून त्या गेल्या. शाळा सुटून तास झाला आहे. मी तिसरीच्या बाकावर बसून लिहितो आहे, एक गुडघा हनुवटीपाशी, दुसरा पाय वाटेत.

ती. ताई, साष्टांग नमस्कार. (मनातूनच. वाकलं की किल्ली टोचते.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? मागच्या पत्रात तू खोकल्यावर एक पान लिहिलंस आणि भावोजींवर एक ओळ, त्यावरून दोघांची प्रकृती लक्षात आली. मी बरा आहे. निदान दुपारपर्यंत होतो.

पुस्तक म्हणजे आपलं गलबताचं. पहिल्या पानावर तुझं नाव दोनदा आहे आणि माझं एकदा, खोडलेलं. जूनमध्ये ते मी वर्गाच्या कपाटात ठेवलं आणि रोज शेवटच्या तासाला वाचायला लागलो. मी वाचायचो, मग मुलं आळीपाळीने वाचायची. अडलेल्या शब्दाला थांबायचं नाही, असा नियम केला. (नियम शिक्षणशास्त्राचा नाही. थांबलं की मागच्या बाकावर मारामारी व्हायची.) तोच शब्द चार पानांनी पुन्हा यायचा, मग आणखी दहा पानांनी, आणि तिसऱ्यांदा तो आला की एकही भुवई वर जायची नाही. मी काही शिकवलं नाही. हे मी तुला सांगतो आहे, बाईंना सांगितलेलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. शब्द वर्गाबाहेर पडले. डबा खाताना दोन बाकांमध्ये तह होऊ लागले. शिपायाने घंटा उशिरा वाजवली तर त्याला दगाबाज म्हणण्यात येऊ लागलं. आधी तो रागावला, आता वेळेवर वाजवतो. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे भोवरा म्हणतात, कारण ती सरळ चालत नाही. तिच्या हातून फुटलेल्या कपाची बातमी वडिलांनी आईला दिली, तेव्हा ती त्यांना म्हणाली, बाबा, तुम्ही फितूर झालात. वडील दुसऱ्या दिवशी कामाची पिशवी घेऊन शाळेत हजर. मला वाटलं, आता भांडण. ते हळूच म्हणाले, "मास्तर, मी नक्की काय झालो ते सांगा. घरी विचारायची सोय नाही." (हेच ते कुलूपवाले. उद्या त्यांनाच बोलावतील.)

इथवर ठीक होतं. पण मला गप्प बसवत नाही, हे तुला माहीत आहे. शिक्षकांच्या सभेत शेजारच्या वर्गाच्या बाई सांगत होत्या की त्या रोज दहा शब्द अर्थासह पाठ करून घेतात. मी त्यांच्या वर्गातल्या एकीला मागे विचारलं होतं, जीर्ण म्हणजे काय? ती म्हणाली, जर्जर. आणि जर्जर म्हणजे? जीर्ण. दोन शब्द एकमेकांचे खांदे धरून उभे, खाली जमीन नाही. हे मी भर सभेत सांगितलं. वर असंही म्हणालो की माझी मुलं गोष्टीतूनच दोनशे शब्द शिकली आहेत. दोनशे हा आकडा कुठून आला ते विचारू नकोस. मोठ्या बाईंनी तो लिहून घेतला. म्हणाल्या, चाळीस शब्दांची परीक्षा घेऊ. जमलं तर उत्तम, नाहीतर कपाट बंद आणि तो तास पाठांतराला.

परीक्षा आज दुपारी झाली. मुलांनी चाळीसच्या चाळीस लिहिले, कुणी जागा कोरी सोडली नाही. फितुरी म्हणजे स्वयंपाक्याने शत्रूला कंदील दाखवला ते. निमूट म्हणजे कप्तान ओरडला आणि सगळे दोर ओढायला लागले तसं. सुकाणू म्हणजे म्हातारा जे झोपेतही सोडत नाही. जर्जर म्हणजे शिडाचं जे झालं होतं आणि म्हाताऱ्याचंही होत होतं. (हे भोवऱ्याचं. मी ते दोनदा वाचलं.) मोठ्या बाईंनी लाल पेनाने एकेक शून्य काढलं, गोल, घाई न करता. "सर, अर्थ विचारला होता, हकीकत नाही." मी म्हटलं, बाई, हकीकत कळली म्हणूनच अर्थ कळला. त्यावर त्या निघून गेल्या आणि शाळा सुटल्यावर किल्ली मागायला परत आल्या. पुढचं वर आलंच आहे.

कपाट बंद झालं तर माझं काही जात नाही, पगार तोच. पण आम्ही पान एकशे बारावर आहोत. मुलांना वाटतं, उद्या पुढचं वाचायचं आहे.

भावोजींना नमस्कार. खोकल्याला मध दे.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढचं नाही. शेवटची आठ पानं फाटलेली आहेत, हे मी वर्गाला सांगितलेलं नाही. एकशे बारावं पान 'म्हाताऱ्याने सुकाणू सोडलं आणि' इथे संपतं. तुला शेवट आठवत असेल. दोन दिवसांत लिहून पाठव. सोपं करू नकोस. शब्द अवघड असले तरी चालतील.

ता. क. २. ती पानं मी फाडली होती आणि नाव तुझं सांगितलं होतं. अण्णांनी तुला संध्याकाळभर कोपऱ्यात उभं केलं आणि मी समोर बसून जेवलो. तू म्हणाली होतीस की शेवटी म्हातारा मरतो. मी न वाचताच फाडली, म्हणजे त्याला मरायला जागाच उरणार नाही. ते खरं होतं की मला रडवायला म्हणाली होतीस? खरं असेल तर तसंच लिही. मुलांना ऐकवीन. फितुरी मी केली, हे एकोणचाळीस वर्षांनी कबूल करतो आणि तुझी बिनशर्त माफी मागतो.

ता. क. ३. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी पहिल्या घंटेआधी मोठ्या बाई वर्गाच्या दाराशी उभ्या होत्या. हातात पुस्तक, शेवटच्या पानात चष्मा पुसायचा फडका. किल्ली मागितली नाही. पुढची पानं कुठे आहेत, असं विचारलं. मी म्हटलं, ताईने फाडली. त्या म्हणाल्या, मग तिलाच लिहून विचारा, आजच. पाकिटाला तिकीट त्यांनी स्वतः लावलं आहे.